रांगेतला चौथा गडी

माझा भाऊ जुन्या व्हिडिओ गेमच्या आठवणी काढायला लागला की माझं डोकं फिरतं. 'काय दिवस होते ते!' म्हणतो. होते ना, त्याचे होते. त्याच्याकडे आठवणी आहेत, माझ्याकडे नुसता जळफळाट.

आम्ही तेव्हा सिल्वासात, डोकमर्डीला दोन खोल्यांत राहायचो. वडील धुळ्याकडून सुताच्या कारखान्यात कामाला आलेले. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आठवीत तो पहिला आला, म्हणून वडिलांनी त्याला वापीहून टीव्ही गेम आणून दिला. त्याच वर्षी चौथीत मीही पहिली आले होते. मला कंपासपेटी मिळाली.

बाकीची पोरं गेममध्ये गाड्या पळवायची, गोळ्या झाडायची. दादाकडे मात्र एक वेगळीच कॅसेट होती. तीत चार गडी राजकन्येच्या शोधात निघायचे, गावोगाव हिंडायचे, राक्षसांशी लढायचे आणि लढता लढता बळकट व्हायचे. पण त्या कॅसेटमध्ये जागा एवढुशी, त्यामुळे सगळा कारभार चिक्कूपणाचा. प्रत्येक गावात तीच तीन घरं. दुकानदार, पुजारी आणि राजाचा प्रधान, तिघांचं तोंड एकच. हिरव्या बेडकालाच लाल रंग फासून नवा राक्षस म्हणून पुढे करायचे. गुहांच्या भिंती सगळीकडे त्याच तपकिरी विटांच्या, आत शिरलं की आलो कुठून तेच कळायचं नाही, आणि नकाशा तर गेममध्ये नव्हताच. ते चार गडी मुंग्यांसारखे एकामागून एक चालायचे.

'शेवटचा तुझा,' दादानं सांगितलं आणि दुसरा रिमोट माझ्या हातात दिला.

मे महिन्याची अख्खी सुट्टी मी तो चौथा गडी चालवला. दादा वळला की मी वळायचे, तो थांबला की थांबायचे. मैत्रिणींना ऐटीत सांगायचे, माझा गडी आजवर एकदाही रांग सोडून भरकटला नाही म्हणून.

एकदा आई केर काढत होती. तिच्या झाडूत अडकून माझ्या रिमोटची वायर निघाली. मी वायरकडे पाहिलं, मग टीव्हीकडे. माझा गडी शहाण्यासारखा डावीकडे वळत होता.

दादा पोट धरून हसला. 'अरे पगली, ये गेम एक का ही है!' त्या गेमला दुसरा रिमोट चालतच नव्हता. मी तिथं नुसतीच बसलेली पाहून आई झाडू झटकत तिच्या अहिराणीत म्हणाली, 'तू ते खेळस नही, मंग आठे का बठेल शे? चाल, लसून सोल.'

मी रडले नाही. पहिला रिमोट मागितला. दादा म्हणाला, 'नाही, तू माझा सेव्ह घालवशील.' त्यात खोटं काही नव्हतं. कॅसेटला एकाच माणसाचा खेळ लक्षात ठेवता यायचा आणि त्या एका जागेत दादा बसला होता. माझी जागा करायची तर त्याला पुसावं लागलं असतं. ते पुसायचं माझ्या मनात रोज यायचं.

त्याऐवजी मी नकाशे काढायला बसले. वडील कारखान्यातून मशीनवरचा वाया गेलेला चौकटींचा कागद आणायचे. एक पाऊल, एक चौकट. पुढचं वर्षभर मी दादाच्या शेजारी बसून डावीकडे, उजवीकडे, तिसऱ्या जिन्यानं खाली असं सांगत राहिले. राजकन्या सुटली तेव्हा तो गल्लीभर ओरडत सुटला, 'मी सोडवली, मी सोडवली!'

यंदा भाऊबीजेला मी नाशिकहून त्याच्याकडे गेले. तो अजून सिल्वासातच आहे, आता फ्लॅटमध्ये, भिंतभर टीव्ही लावून. त्याच गेमची नवी आवृत्ती त्यानं घेतली होती. कोपऱ्यात नकाशा, हवं तिथं सेव्ह. 'पण पहिल्यासारखी मजा नाही,' तो लेकीला सांगत होता. 'तेव्हा आम्ही दोघं मिळून खेळायचो. शेवटचा गडी आत्याचा असायचा.'

हे सगळं डोळ्यांत पाणी आणून, बरं का. मी तबक घेऊन समोर उभी. टिळा लावला, ओवाळलं. त्यानं पाकीट काढलं.

'पाकीट राहू दे,' मी म्हटलं. 'रिमोट घाल.'

सगळे हसले. मी तबक तसंच धरून उभी राहिले. शेवटी त्यानं निरांजनाची ज्योत सांभाळत रिमोट तबकात ठेवला.

मी पहिल्यापासून खेळ सुरू केला. पहिली गुहा लागली. 'डावीकडे,' दादा म्हणाला. मी उजवीकडे गेले आणि माझे चारही गडी मेले. 'अगं डावीकडे! मला अजून पाठ आहे ती.' पाठ असणारच, मीच घोकून घेतली होती त्याच्याकडून. मी पुन्हा उजवीकडे गेले. तासभर मरत होते. वहिनी दोनदा पानं वाढल्याचं सांगून गेली. भाची कंटाळून खाली खेळायला गेली. दादा मात्र सरकत सरकत माझ्या खांद्याशी आला होता.

'दे ना गं एकदाच,' तो म्हणाला. 'मी दाखवतो तुला.'

चाळिशी उलटलेल्या माणसाचं ते तोंड पाहून माझ्या जिवाला इतकं गार वाटलं, की आजही सांगायला लाज वाटत नाही.

'ओवाळणीत घातलेलं कुणी परत मागतं का?' मी म्हटलं, आणि पुन्हा उजवीकडे वळले.