लाख भागिले आठ

आमच्या ब्रह्मा घाटावरच्या घरात चातुर्मासात लक्षवातींचं व्रत असे. बायकांनी कापसाच्या एक लाख वाती वळायच्या आणि कार्तिकात गंगेकाठी लावायच्या. जास्त कुणी वळल्या यावरून दोन्ही काकूंचं एकदा भांडण झालं, तेव्हापासून मोठ्या काकांनी नियम घातला होता: वाटे सारखे, आणि एकही वात उरता कामा नये, कारण उरलेल्या वातीचं पुण्य कुणाचंच नाही. आई, दोन काकू, वहिनी आणि मी, अशा आमच्या पाच परड्या.

आत्याला परडी नव्हती. ती काकांची धाकटी बहीण, लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. सगळ्यांत सुबक वात तिची. पण ती आमच्या परड्यांत पडे आणि संकल्पात तिचं नाव नसे.

सरकारने बंदी घातलेली पत्रकं आमच्याकडे पिठाच्या डब्यात लपवलेली असत. ती मला पाठ होती. परक्या सरकारकडे हक्क मागायचा आणि घरात आत्याला एक परडी द्यायची नाही, हे मला गिळवत नव्हतं. त्या आषाढात मी काकांना सांगून टाकलं, की यंदा सहावी परडी आत्याची.

मला वाटलं, ते शास्त्र काढतील. ते हसले.

"लाखाला सहाने भाग जात नाही. चार वाती उरतात. त्या कुणाच्या? तुझ्या पत्रकांत भागाकार नसतो वाटतं."

आत्या खाली मान घालून सरकी काढत राहिली.

मी पाटी घेऊन बसले. लाखाचे अवयव पाडले तर गुणाकारात पाच वेळा दोन आणि पाच वेळा पाच. दुसरं कोणी आत नाही. सहामध्ये तीन आहेत, म्हणून सहा चालत नाहीत. साताने पाच वाती उरत होत्या. पण आठ म्हणजे नुसते दोन गुणिले दोन गुणिले दोन. भाग पुरता गेला, प्रत्येकीला साडेबारा हजार. म्हणजे आत्या जास्त होत नव्हती. अजून दोघी कमी पडत होत्या.

संकठा घाटाजवळ आत्यासारख्याच दोघी राहत. एक लगेच तयार झाली. दुसरी लोकांना भीत होती. तिच्याकडे आत्या स्वतः गेली आणि तिला घेऊनच आली.

संकल्पाच्या सकाळी आठ परड्या मांडलेल्या पाहून काका थांबले. बोटांवर काहीतरी मोजलं.

"हिसाब पक्का आहे?"

"काही उरत नाही, काका."

नियम त्यांचाच होता. ते पाटावर बसले आणि एकेक नाव घेऊ लागले. आत्याचंही नाव त्यांनी घेतलं. घरात ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते.

संध्याकाळी आत्या वात वळता वळता म्हणाली, "आठाच्या पुढे कितीने जातो गं?"

"दहाने."

"मग पुढच्या वर्षीसाठी अजून दोघींना आत्ताच सांगून ठेवते."