बसायचं स्टूल

कय्युम मिस्त्री गिऱ्हाइकाचा चेहरा विसरायचा, पण नडगी विसरायचा नाही. गुलमंडीच्या मागच्या बोळात त्याचं दुकान होतं. कोणी स्टूल करायला सांगितलं की हा आधी त्याला उभं करायचा, टाचेपासून गुडघ्यापर्यंत सुतळी धरायचा आणि तिथं गाठ मारायचा. "स्टूल म्हंजे टेबलाचं पोरगं नाय," म्हणायचा, "बसणाऱ्याचे पाय जमिनीला लागले पायजेत." मग महिनाभर सागवानावर पटाशी चालायची. पायांना वेली, बाजूंना मकबऱ्यासारखी जाळी, बसायच्या फळीवर हिमरू शालीतली पानंफुलं आणि मधोमध पिसारा फुलवलेला मोर. असं काम जिल्ह्यात दुसऱ्या कोणाचं नव्हतं, आणि नेमकं तेच नडलं.

पोलीस ॲक्शन झाली, जुनं राज्य गेलं. जुने जहागीरदार गादी-लोडासकट उठले आणि नवे साहेबलोक टेबल-खुर्चीसकट येऊन बसले. खाली बसणं एकाएकी मागासलेपणाचं ठरलं. त्याच सुमारास नानासाहेब नावाचे एक जमीनदार गावाकडची जमीन वाटेकऱ्यांवर सोपवून शहरात राहायला आले आणि त्यांनी मिस्त्रीला स्टूल सांगितलं. मिस्त्रीनं माप घेतलं, जीव ओतला, स्टूल पोचवलं. पंधरा दिवसांनी सहज बघायला गेला, तर स्टुलावर रेडिओ!

"नानासाहेब, हे तुमच्या पायाच्या मापाचं हाय."

"आरं मिस्त्री, एवढ्या नक्षीवर बूड टेकवायचं व्हय? मोर हाय त्याच्यावर. पाप लागंल!"

पुढं रेडिओ उतरला आणि त्या जागी टेलिफोन आला. टेलिफोन भिंतीवर गेला, टीव्ही आला. एका वकिलाकडं स्टुलावर कुंडी होती, एका मामलेदाराकडं सत्यनारायणाचा कलश. शहरात सुधारणा कुठवर पोचली हे मिस्त्रीला आपल्या स्टुलांवर काय ठेवलंय त्यावरून कळायचं. माणसं मात्र शेजारी सतरंजीवर बसून स्टुलाचं कौतुक करायची.

घरी तरी काय वेगळं होतं! बायकोचे, जहांआराचे, गुडघे पन्नाशीच्या आतच गेले. जमिनीवरून उठताना ती भिंतीला धरून "या अल्ला" म्हणायची. मिस्त्रीनं तिच्या मापाचं स्टूल केलं, शिसवी, आयुष्यातलं सगळ्यात देखणं. तिनं ते डोळे भरून पाहिलं, त्यावर क्रोशाचा रुमाल अंथरला, रुमालावर लग्नातलं पानदान ठेवलं आणि शेजारी जमिनीवर बसून रोज ते पुसू लागली.

"इत्ती अच्छी नक्षी बैठ को घिसाऊँ क्या?" म्हणायची.

मिस्त्रीला हे फार लागायचं. जग गेलं उडत, ही एकदा टेकली की आपण जिंकलो, असं त्याला वाटायचं. वीस वर्षं ती काही टेकली नाही.

मग एकदा शहराला आपली कला आठवली. नानासाहेब आता म्हातारे होऊन एका कलासंवर्धन मंडळाचे अध्यक्ष झाले होते. कलेशी त्यांचा संबंध म्हणजे तो रेडिओ. त्यांनी मिस्त्रीचा सत्कार ठरवला. नमुना म्हणून कार्यकर्ते जहांआराचं स्टूल उचलून घेऊन गेले. मंचावर प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग, पुढं ते स्टूल आणि स्टुलावर शाल-श्रीफळ. मिस्त्रीला ज्या खुर्चीत बसवलं तिचा एक पाय डुगडुगत होता.

"आजचा समाज कारागिराला बसायला जागा देत नाही!" असं नानासाहेब पाऊण तास सांगत होते. टाळ्या पडत होत्या. खालच्या सगळ्या खुर्च्या कार्यकर्त्यांनी अडवल्या होत्या आणि सत्कारमूर्तीची बायको दाराशी भिंतीला धरून उभी होती.

मिस्त्रीनं ते पाहिलं आणि त्याचं डोकं सणकलं. तो उठला. शाल आणि नारळ उचलून त्यानं आपल्या खुर्चीत नीट बसवले, खाली उतरला, जहांआराचा हात धरून तिला मंचावर आणलं.

"बैठ," तो म्हणाला.

नानासाहेब बोलायचे थांबले. जहांआरानं पदरानं मोर पुसला, इकडंतिकडं पाहिलं, आणि बसली. दोन्ही पाय बरोबर जमिनीला टेकले. वीस वर्षांपूर्वीची सुतळीची गाठ तसूभरही चुकली नव्हती. मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि जहांआरा त्या गुडघ्यांना न शोभणाऱ्या चपळाईनं उठून उभी राहिली.

"अजी, चुभता ना ये!"

माइक जवळच होता. सगळ्या सभेनं ऐकलं.

मोराची चोच टोचली होती. चाळीस वर्षं मिस्त्री तो मोर कोरत होता आणि तो टोचतो हे सांगायला कोणी बसलंच नव्हतं. दुसऱ्यांना कशाला बोल लावायचा, तो स्वतः तरी कुठं कधी बसला होता? लोक हसहसून लोळले. मिस्त्री आधी चिडला, मग मात्र मनापासून ओशाळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं स्टूल दुकानात नेलं आणि रंधा हातात घेतला. आधी मोर गेला, मग पानं, मग फुलं. संध्याकाळी गुळगुळीत फळीवरून तळहात फिरवून पाहिला, एकदा स्वतः बसून पाहिलं आणि स्टूल घरी नेलं.

पेपरात सत्काराची बातमी आली होती, त्यामुळं लोक पार पुंडलिकनगरातून स्टूल बघायला यायचे. "ती मोराची नक्षी कुठाय हो?" असं हिरमुसून विचारायचे.

"गेली," जहांआरा सांगायची. पण दाखवायला काही स्टुलावरून उठायची नाही.