अर्धा पासवर्ड

फोन आला तेव्हा मी ब्लड बँकेत पिशव्यांना लेबलं लावत होते. पलीकडे निमाचे यजमान होते. "सुषमाताई, निमा गेली," एवढंच ते बोलले आणि पुढे त्यांना बोलवेना. अशा वेळी माणूस विचारतो, कशाने? माझ्या तोंडून निघालं, "कोणी?" ते गोंधळले. मग सावकाश म्हणाले, "कोणी नाही हो… सकाळी भाकऱ्या थापत होती. डोकं धरलं आणि खाली बसली. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव." मी फोन ठेवला. दुःखाच्याही आधी मला हायसं वाटलं होतं, की तिला कोणी काही केलं नाही. मैत्रीण गेल्याचं कळताना असं वाटावं, इतकी भीती आम्ही दोघींनी मिळून बाळगली होती. तिला जाऊन आता महिना उलटला. ती भीती कशाची होती ते आज लिहिते आहे.

निमा भिवंडीजवळच्या अंजूर गावची. खाडीकाठचं घर, माहेर-सासर एकाच पट्ट्यात. भिवंडीतल्या आमच्या छोट्या ब्लड बँकेत ती नोंदणीला लागली तेव्हा मी तिथे तंत्रज्ञ होते. शेअर रिक्षातून उतरायची, पदराने घाम टिपायची आणि आल्या आल्या कॉम्प्युटरवरचं कापड झटकायची. त्या कॉम्प्युटरचे तेव्हा सगळेच मालक होते. चालू केला की तो कोणाला काही विचारायचा नाही. शिपाई, डॉक्टर, शिबिरवाले, कोणीही बसावं, काहीही उघडावं. एकदा अशाच उघड्या पडद्यावर कोणीतरी एका रक्तदात्याचं नाव वाचलं, पुढे एचआयव्हीच्या तपासणीचा निकालही वाचला. तो लूमवर काम करणारा, बाहेरगावचा माणूस. आठवड्याच्या आत त्याच्या खोलीवाल्याने त्याला बाहेर काढलं, शेठने शिफ्ट बंद केली. जाण्याआधी तो आमच्या दाराशी आला होता. आत आला नाही. निमाला एवढंच म्हणाला, "बहेनजी, मैंने तो खून दिया था ना?" आणि वळून गेला. कुठे गेला ते कधीच कळलं नाही. त्या दिवशी निमा जेवली नाही. "सुषे, ते नाव मीच टाईप केलं होतं," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

त्यानंतर तिने लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीचा, ध्यास घेतला. ठाण्याच्या एका क्लासमध्ये तिने त्याच्याबद्दल ऐकलं होतं… फुकट असतं, व्हायरस फारसे लागत नाहीत, आणि मुख्य म्हणजे कोणी काय उघडायचं हे ठरवता येतं. मला वाटलं होतं लिनक्स म्हणजे एकच काहीतरी असेल. तिने लिनक्सच्याच तीन वेगवेगळ्या प्रकारांच्या सीड्या आणल्या आणि अडगळीतल्या जुन्या मशीनवर एकेक चढवून पाहू लागली. फेडोरा तिला आवडलं, पण ते वर्षभरात जुनं व्हायचं आणि पुन्हा नवं टाकायला लागायचं. आमच्याकडे ते करणार कोण? उबुंटू सगळ्यात सोपं. मी म्हटलं, हेच घे. तिने मान हलवली. त्यात पहिल्या वापरणाऱ्याचाच पासवर्ड वरच्या अधिकारालाही चालायचा. "म्हणजे घराची किल्ली तीच तिजोरीची," ती म्हणाली. ते बदलता येतं, हेही तिला माहीत होतं. पण तिला बसवतानाच दोन पासवर्ड वेगळे मागणारं हवं होतं. डेबियन तसं होतं. दिसायला जुनाट, प्रिंटरशी त्याचं जमायला कितीतरी दिवस गेले, ब्लड बँक चालवणारे मोठे डॉक्टर वैतागले. तिने तेच ठेवलं. रोजच्या कामाला सगळ्यांना साधा पासवर्ड; आणि रूट, म्हणजे यंत्राचा सगळ्यात वरचा अधिकार, वेगळा. दात्यांची नावं आणि त्यांचे निकाल जिथे जुळतात तो भाग तिने असा बंद केला की आतली तबकडी, म्हणजे हार्ड डिस्क, काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी काही वाचता येऊ नये, आणि तो उघडायला वरचाच पासवर्ड लागावा.

मग एके दुपारी ती मला म्हणाली, "वरचा पासवर्ड मी एकटीने ठेवणार नाही. अर्धा माझा, अर्धा तुझा."

मी हसले. "का गं? माझ्यावर एवढा विश्वास?"

"माझा माझ्यावर नाही," ती म्हणाली. "मला कोणी मारलं तर मी सांगून टाकेन. मला माहितेय मी केवढी भित्री आहे."

आम्ही दोघींनी तो ठरवला. तिचा भाग मला ठाऊक नव्हता, माझा तिला. मला ते तेव्हा पोरखेळासारखं वाटलं होतं.

वर्षभराने आप्पा आले. पूर्णा गावाकडे त्यांची गोदामं होती; निमाच्या माहेरच्या नात्यातले, तिला लहानपणापासून ओळखणारे. गोदामाच्या आवारात झालेल्या रक्तदान शिबिरात त्यांच्याकडच्या एका सुपरवायझरने रक्त दिलं होतं, आणि आम्ही त्याला पुन्हा तपासणीला बोलावलं होतं. अशा बोलावण्याला शंभर कारणं असतात. पण तो आतल्या गावाकडचा गरीब घरचा मुलगा, आणि आप्पांच्या मुलीचं, मनीषाचं, त्याच्यावर मन बसलेलं. आप्पा खुर्ची ओढून बसले, चहा घेतला, सगळ्यांची चौकशी केली. मग म्हणाले, "पोरी, तू आपलीच हायस. त्याचा कागद काय बोलतो तेवढं सांग. मला दुसरं काय नको."

"आप्पा, ते कोणालाच सांगत नाहीत. नियम आहे."

"नियम मला नको सांगू. त्याला तो रोग हाय का न्हाय, एवढंच. गावात एकदा बोललो की तो आपल्या पायाने जाईल. मला हात पण लावाया लागणार न्हाय."

 निमाने आपला कप खाली ठेवला. "मला उघडताच येत नाही, आप्पा. पासवर्ड अर्धाच आहे माझ्याकडे."

"दुसरा अर्धा कोनाकडं?"

मी त्याच खोलीत, फ्रीजपाशी उभी होते. निमाने माझ्याकडे पाहिलं नाही.  आप्पांची नजर खोलीभर फिरली, माझ्यावरून गेली, दारातल्या शिपायावर थांबली. "बघू," एवढंच म्हणून ते उठले.

त्यानंतरचे दिवस… ते नीट सांगता येत नाहीत. कोणी हात उगारला नाही, शिवी दिली नाही. फक्त एक पांढरी गाडी निमाच्या रिक्षामागून अंजूरपर्यंत जायची, फाट्यावर थांबायची, परत वळायची. आप्पांची माणसं तिच्या घरी जाऊन ओटीवर बसायची, सासऱ्यांशी पावसापाण्याच्या गप्पा मारायची, आणि उठताना विचारायची, "निमावहिनी किती वाजता येतात?" तिच्या यजमानांना काल्हेरच्या गोदामातल्या नोकरीवरून अचानक चार दिवस घरी बसवलं. मी घराची खिडकी उघडेनाशी झाले. बाजारात कोणी मागून हाक मारली तरी माझ्या मनात सगळ्यात आधी माझा अर्धा पासवर्ड यायचा, अक्षर न् अक्षर, जणू तो कपाळावर लिहिला होता. मोठे डॉक्टरही एकदा म्हणाले, "दाखवून टाका ना, एवढं काय त्यात?" एके दुपारी आप्पांचा माणूस एका कॉम्प्युटरवाल्याला घेऊन आला. डॉक्टर केबिनमधून बाहेरच आले नाहीत. त्या कॉम्प्युटरवाल्याने आपली सीडी घालून मशीन चालू केलं, बराच वेळ खटपट केली. मशीन सुरू झालं, पण तो भाग काही उघडेना. "ये नहीं होगा, भाई," तो शेवटी म्हणाला. जाताना आप्पांच्या माणसाने निमाच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच थोडा वेळ उभा राहिला.

त्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, "निमा, आपण दोघी उघडून बघू तरी. त्याला काही नसेल तर सांगून टाकू. मुलगाही सुटेल, आपणही सुटू."

ती रडत होती. पण लगेच म्हणाली, "आज 'काही नाही' म्हणून सांगितलं, तर उद्या ज्याच्याबद्दल गप्प बसू, त्याचं काय होईल? आपलं गप्प बसणंच मग निकाल ठरेल, सुषे."

 आम्ही तो भाग उघडला नाही. त्या मुलाच्या निकालात काय होतं ते तपासणाऱ्या डॉक्टरांनी फक्त त्याला सांगितलं असेल. मला ते आजही माहीत नाही, आणि निमाही ते न पाहताच गेली.

शेवटी मनीषा आली. ओढणीने तोंड झाकून, भर दुपारी. निमासमोर उभी राहून तिने विचारलं, "ताई, बाबांना दिलं नाही ना तुम्ही?"

"नाही."

"मला पण नका सांगू. त्याला जे सांगायचं होतं ते त्याने मला सांगितलंय." मग ती वाकून निमाच्या पाया पडायला लागली, तशी निमा घाबरून मागे सरकली. "जा तू, आधी इथून जा. मागे कोणी आहे का बघ."

त्याच महिन्यात दोघांनी लग्न केलं आणि दोघंही लांब कुठेतरी निघून गेली. आप्पा एकदाच आले, दारातूनच बोलले. "तू तोंड उघडलं असतंस तर माझी पोर घरात असती."  पांढरी गाडी दिसायची बंद झाली. पण निमा रिक्षात बसताना मागे वळून बघायची ती बघतच राहिली, अगदी शेवटपर्यंत. धाडसी म्हणतात तशी ती कधीच नव्हती. तिला झोप यायची नाही, आणि माझं नाव मात्र तिने घेतलं नाही.

मागच्या वर्षी रक्तदाब वाढला तेव्हा तिने घाई करून पासवर्डमधला आपला भाग रद्द केला आणि त्या जागी रुखसानाला स्वतःचा नवा भाग ठरवायला लावलं. रुखसाना आमच्याकडची नवी तंत्रज्ञ. "मी गेले तर कुलूप तसंच राहायला नको," निमा म्हणायची. आम्ही तिला वेड्यात काढायचो.

परवा एक जुनी नोंद बघायला तो भाग उघडावा लागला. रुखसाना टाईप करायला बसली आणि मी नकळत भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. निमा असंच करायची. मी माझा भाग टाईप करत असताना ती भिंतीकडे वळायची आणि मोठमोठ्याने रात्रीचं जेवण सांगायची. बोंबील ओले मिळाले तर तळणार, नाहीतर सुक्याचं कालवण, वर चिंच की कोकम… किती कळा दाबल्या तेवढंसुद्धा तिच्या कानावर पडायला नको असायचं.

"सुषमादीदी, कुछ बोलो ना," मागून रुखसाना म्हणाली. "निमादीदी बोलती थी. ऐसे चुप में मुझसे टाईप नहीं होता."

मी भिंतीकडे बघत बोंबलांबद्दल बोलायला सुरुवात केली. तिचं टाईप करून होईपर्यंत मी बोलत राहिले.