दरोग्याचा अर्धा फोटो

माझं लग्न आमच्या कुत्र्यामुळे जमलं. हे मी चारचौघांत सांगते तेव्हा नवरा मान खाली घालतो, कारण ते खोटं नाही.

कुत्र्याचं नाव दरोगा. आंबागडला आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाची तो हुंगून चौकशी करायचा आणि मगच आत सोडायचा, म्हणून बाबूजींनी ते नाव ठेवलं. दोघांचा एकमेकांवर फार जीव. बाबूजी धानाच्या बांधीत उतरले की दरोगा शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून पहारा करी. घरी जेवताना बाबूजींचा पहिला घास दरोग्याला, दुसरा स्वतःला. पोटच्या पोरीचा नंबर कधी लागला नाही.

मी लग्नाची झाले तेव्हा, म्हणजे सत्तरच्या दशकात, मुलगी दाखवण्याआधी तिचा फोटो पाठवायची टूम आमच्याकडे नुकतीच पोचली होती. तुमसरहून फोटोग्राफर आला. मायनं आंगणात चादर बांधली, मला शेजारणीची नायलॉनची साडी नेसवली आणि खुर्चीवर बसवलं. फोटोग्राफरनं काळ्या कापडात डोकं घातलं आणि दरोग्याची खात्रीच पटली की हा माणूस चोर आहे. (भला माणूस डोकं झाकून कशाला येईल?) तो धावत आला आणि छाती काढून माझ्या शेजारी बसला. मी "हाड" म्हणायला तोंड उघडलं, आणि नेमका तेव्हाच खटका दाबला गेला!

फोटोत दरोगा साक्षात ठाणेदार दिसत होता आणि मी दात दुखणारी बाई.

"दुसरा काढा जी," माय म्हणाली.

"कायले?" बाबूजी फोटो लांब धरून म्हणाले. "दरोगा किती साजरा आला."

"लगन दरोग्याचं करून राहिले का पोरीचं?"

पण बाबूजींनी तोच फोटो मध्यस्थाच्या हाती बपेऱ्याला धाडला. मुलगा तिथं शाळेत मास्तर होता. फोटोची प्रतही एकच काढली होती. सोयरीक एकाच घरी करायची तर दोन फोटो कशाला, असा बाबूजींचा सवाल.

मध्यस्थ निरोप घेऊन आला. "मास्तरले कुत्रा लय पसंत पडला. त्याचं नावबी इचारून घेतलं."

"आन पोरगी?"

"त्याची माय म्हनते, तोंड मिटल्यावर कशी दिसते ते एकदा पाहून घेऊ."

बाबूजी तापले. "आमाले नाई करायची सोयरीक. फोटोही ठेवून घ्या म्हना तिथंच." मोडलेल्या सोयरिकीतला फोटो परत मागायची रीत असते, पण रागाच्या भरात रीत कोणाला आठवते?

त्याच हिवाळ्यात दरोगा गेला. म्हातारा झाला होता. दुपारी तणसाच्या ढिगावर उन्हात झोपला तो उठलाच नाही. बाबूजींनी त्याला धुऱ्याशी पुरलं आणि घरी येऊन ताटावर बसले. पहिला घास उचलला, उजवीकडे बघितलं, घास ठेवला आणि उठले. दुसऱ्या दिवशीही तेच. मला फार वाईट वाटत होतं, आणि मायचा तर धीरच सुटला. दुसरं पिल्लू आणू म्हटलं, तर म्हणाले, "मी मेल्यावर दुसरा बाप आनसान का?"

मग एका सकाळी स्वतःच बोलले, "त्याचा एखादा फोटो असता, तर समोर ठेवून दोन घास खाल्ले असते."

"आहे ना," माय म्हणाली. "बपेऱ्याले."

फोटोग्राफर दुकान गुंडाळून रायपूरकडे निघून गेला होता, तेव्हा बपेऱ्याशिवाय गती नव्हती. पण दरोग्याचं नाव निघालं की बाबूजी उपरणं डोळ्यांना लावायचे. मायला घर सोडता येईना, कारण म्हैस व्यायला झाली होती. तिनं मला सांगितलं, "हे तिथं जाऊन निस्ते रडतीन. तू संग जा आन तूच बोल."

ज्या घराला नकार दिला त्याच घरी बापानं लग्नाची पोरगी घेऊन जायचं! आमचं वऱ्हाड एस.टी.तून उतरून मास्तरांच्या दारात उभं राहिलं, तेव्हा त्यांची माय धान पाखडत होती. तिनं बाबूजींना पाहिलं, मला पाहिलं, आणि सूप तिथंच टाकून आत पळाली. सतरंजी आली. पाठोपाठ चहा आला, पोहे आले आणि शेजारच्या बाया कुंपणाशी आल्या.

"बसा जी. कसं काय येनं केलं?" मास्तरांच्या वडिलांनी विचारलं.

"आमचा..." एवढं बोलून बाबूजी हमसून रडायला लागले.

"रडू नका जी," मास्तरांची माय म्हणाली. "पोरीच्या बापाले रडू येतेच. आमी पोटच्या पोरीवानी ठेवू तिले."

"फोटो..." बाबूजी कसेबसे म्हणाले.

"आता फोटो कायले? पोरगी सामने बसली आहे."

कुंपणावरून एक बाई दुसरीला म्हणाली, "तोंड मिटून असली का बरी दिसते वो."

आता मलाच बोलणं भाग होतं. रस्ताभर मी छान वाक्य घोकत आले होते, 'आमचा कुत्रा वारला, त्याचा फोटो मिळाला तर फार उपकार होतील.' पण एवढ्या डोळ्यांसमोर ते सगळं विसरले आणि म्हणाले, "मी लग्नासाठी नाई आली. कुत्र्यासाठी आली."

सगळे गार. तेवढ्यात मास्तर आतून बाहेर आले आणि बाबूजींजवळ बसले.

"दरोगा गेला?" त्यांनी विचारलं.

बाबूजींनी त्यांना सारं सांगितलं, अगदी तणसाच्या ढिगापर्यंत. मास्तर उठून आत गेले आणि फोटो घेऊन आले. काच लावून चांगला फ्रेम केलेला! फ्रेममध्ये दरोगा होता, खुर्चीचा एक पाय होता, माझ्या साडीचा थोडा काठ होता. मी नव्हते.

"आन माहा अर्धा?" मी लाज सोडून विचारलं.

"नाई म्हननाऱ्या पोरीचा फोटो कायले ठेवायचा घरात?" त्यांची माय म्हणाली. "चुलीत घातला म्या."

"कुत्र्यानं थोडीच नाई म्हनलं होतं," मास्तर हळूच म्हणाले. "माय कुत्रा पाळू देत नाई जी. मी याच्यावरच भागवून राहिलो."

बाबूजींनी काचेवरून हात फिरवला. फोटो समोर ठेवून त्यांनी तिथंच भात खाल्ला, वर पुन्हा मागून घेतला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (लोकांना वाटलं, मी लाजले.) निघताना मास्तर म्हणाले, "तुमचा आहे, घेऊन जा."

"तुमाले करमन का याच्याबिगर?"

मास्तर सदऱ्याच्या बाहीनं फ्रेमची काच पुसत राहिले.

"मंग राहू द्या इथंच," बाबूजी म्हणाले. "मी येत जाईन पाहाले."

"या ना जी," मास्तरांचे वडील म्हणाले. "पन येसान कोन्या नात्यानं? लोक इचारतीन."

बाबूजींनी विचार केला. मग त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली.

वैशाखात आमचं लग्न झालं. पुढे बाबूजी दर पंधरवड्याला बपेऱ्याला यायचे, आणि शेजारणी म्हणायच्या, "बापाचा लेकीवर किती जीव आहे वो!" मी नुसती मान हलवायचे. सासरा-जावई फोटोसमोर मांडी घालून बसायचे. मी कौतुकानं चहा घेऊन पुढे उभी राहिले की बाबूजी म्हणायचे, "बाई, जराशी बाजूले सरक. दरोगा दिसून नाई राहिला."