निळा पाय

चूक माझी होती. डॉक्टरांचीही होती, पण तोंड मी बंद ठेवलं.

राज्याची राजधानी बदलून सरकारी कागद नागपूरऐवजी भोपाळहून यायला लागले, त्यानंतरची ही वर्षं. बुऱ्हाणपूरच्या एका दवाखान्यात मी एक्स-रे काढायचो. इंदूरहून मोठे डॉक्टर यायचे. सुजलेल्या पायातलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांचे, लसिकावाहिन्यांचे, ते फोटो घ्यायचे. आधी पायाच्या बोटांच्या बेचक्यात निळं औषध टोचायचं. नळ्या निळ्या झाल्या की पावलावर चीर देऊन त्यातली एक शोधायची, तिच्यात तेलकट औषध सोडायचं, मग एक्स-रे.

त्या दिवशी टेबलावर कौतिकबाई होती. शाहपूरच्या केळीच्या मळ्यात मजुरी करणारी.

"ये देखो, हाथी का पाँव," डॉक्टर शिकाऊ पोरांना म्हणाले. मग मला, "लुगडं वर कर."

मी केलं. तिने डोळे मिटले. पोरं हसली. मीही हसलो. माझ्या आईचा पाय असाच होता. तरी हसलो.

"भाऊ, हे निळं काबर?" तिने विचारलं.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "तू फिल्म धू. तुमच्या लोकांना समजावत बसलो तर दिवस जाईल."

तुमच्या लोकांना. त्या खोलीत माझा पाण्याचा पेलाही वेगळा होता. मी फिल्म धुवायला गेलो.

रंग काही दिवस राहतो, लघवीही निळी होते, हे मला ठाऊक होतं. तिला नव्हतं. घरी सासू म्हणाली, विष चढलं. कौतिकबाईने पाय विटकरीने घासला. कातडी सोलली. अशा पायाला जखम फार वाईट. आठवड्याने तिला बैलगाडीत घालून आणली. तापाने फणफणलेली, पाय दुप्पट.

"अडाणी! लिही, रुग्णाने स्वतः जखम केली," डॉक्टर म्हणाले.

"नाही लिहिणार. आपण तिला सांगितलं नाही, तसं लिहितो."

"तेरी औक़ात?"

लिहिलं. खाली सही केली. दुसऱ्या दिवशी माझ्याकडून एक्स-रेचं काम काढून घेतलं, पट्ट्या उकळायला बसवलं.

ताप उतरल्यावर मी तिच्या खाटेपाशी गेलो. "कौतिकबाई, मला माहीत होतं. सांगितलं नाही. वर हसलो."

"मले ऐकू आलं होतं," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

"माफी मागतो. तुम्ही देऊ नका. पण यापुढे सुई टोचायच्या आधी मी दारात उभा राहून प्रत्येकाला सांगेन. हाकललं तरी."