हत्तीसमोरची टिटवी

ऐका ना, हे सांगितल्याशिवाय मला राहवतच नाहीये! केनियात मामाच्या जीपमधून पाणथळीच्या कडेला टिटवी दिसली. आपल्याकडच्यापेक्षा वेगळी, काळी-पांढरी, लाल डोळ्यांची. आवाज लोहारानं ऐरणीवर घाव घालावेत तसा. उघड्या जमिनीवर तिची चार अंडी आणि समोरून चक्क हत्ती येतोय!

"मेली अपशकुनी! काच वर कर गं," मामी म्हणाली. टिटवीसारखी ओरडू नकोस, असं मलाही ती लहानपणापासून सुनावते.

टिटवी पंख पसरून ओरडतच राहिली. हत्ती थबकला, त्यानं कान हलवले आणि अंड्यांना वळसा घालून गेला.

तिच्याकडे आवाजाशिवाय दुसरं होतं तरी काय?

मी काच पार खाली केली. "मामी, मी आहेच टिटवी. आणि ओरडणारच!"