हात कानाला लागला पाहिजे

माणसाची अक्कल त्याच्या हाताच्या लांबीवर ठरते असं मानणारा, आणि त्या श्रद्धेवर तीस वर्षं सरकारी नोकरी करणारा, माझ्या थोरल्या मामांसारखा दुसरा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडायचा नाही. घनसावंगीजवळच्या एका खेड्यात ते पहिलीचे गुरुजी होते. जूनमध्ये नाव घालायला आलेल्या पोरानं उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायचा. लागला तर पोर सहा वर्षांचं झालं, पाटी घेऊन आत. नाही लागला तर मामा शांतपणे म्हणायचे, "पुढल्या साली आणा." जन्मतारीख कुणाजवळच नसल्यामुळे ही रीत तेव्हा सगळीकडे होती, पण बाकीचे गुरुजी अर्धं बोट इकडेतिकडे चालवून घ्यायचे. मामांकडे तसली सोय नव्हती. पोरं मान तिरकी करून कानच हाताकडे आणतात हे ठाऊक असल्यामुळे ते हनुवटी घट्ट धरून बसत. आया उन्हाळाभर पोरांचे हात तेल लावून ओढत. एकदा सरपंचांच्या पोराचा हात थोडक्यात उणा पडला, तर सरपंचांनी तासाभरात त्याचं चकोट करून आणलं. केसांची जाडी वाचली आणि हात लागला. मामांनी मुकाट्यानं नाव घातलं. डोक्यावर काय असावं ते नियमात न्हाई, एवढंच म्हणाले.

तालुक्याहून तपासणीला आलेल्या एका तरुण साहेबांनी विचारलं, की ज्याचा हात जन्मतःच आखूड, त्यानं काय जन्मभर घरी बसायचं? मामांनी त्यांनाच उभं राहून हात लावून दाखवायची विनंती केली. साहेबांचा लागला, तेव्हा कुठे हजेरीपट पुढे आला.

मी आजोळीच वाढलो, पण सख्ख्या भाच्यालाही सूट नव्हती. एक्क्याऐंशीच्या जूनमध्ये त्यांनी मला परत पाठवलं, आणि माझ्याबरोबर शेजारच्या गोदीलाही. गोदी शाळेच्या खिडकीबाहेर शेळ्या राखायची. ऐकून ऐकून तिला बारापर्यंतचे पाढे पाठ झाले होते, आणि त्या दिवशी तिनं ते रडत रडत म्हणूनही दाखवले. मामांनी तिच्या हनुवटीवरचा हात काही काढला नाही. पुढच्या वर्षी मी पहिलीत बसलो. गोदी आली नाही. पोरगी शेळ्या चांगल्या राखते हे एवढ्या काळात तिच्या बापाच्या ध्यानात आलं होतं. मामांचा मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तो पुष्कळ वर्षं टिकला.

मी जालन्यात नोकरीला लागलो, लग्न झालं, मुलगी झाली. निवृत्त झालेले मामा सायकलवरून पडले, उजवा खांदा धरला, म्हणून इलाजासाठी ते आमच्याकडे आले. आमची चिमी तेव्हा साडेतीन वर्षांची होती आणि सहा महिन्यांपासून शाळेत जात होती. मामांनी आल्या आल्या तिची परीक्षा घेतली. हात टाळूपाशीच थांबला.

"हिला कोनी घेतलं शाळंत?" त्यांनी माझ्या बायकोला विचारलं. "आंब्याला मोहर यायच्या आधी आढी लावून राह्यले तुम्ही. बिलकुल बराबर न्हाई."

चिमीनं उत्तरादाखल सगळे ग्रह ओळीनं म्हणून दाखवले. मग टीव्हीवर मामांना भजनं लावून दिली. मग माझ्या मोबाइलचं हिरवं बटण दोनदा दाबून गावाकडे मामींना फोन लावला आणि मामांनी उलटा धरलेला मोबाइल सुलटा करून दिला. मामा मामींशी दोन मिनिटं बोलले. त्यात हिचा हात अजून लागत न्हाई, हे त्यांनी तीनदा सांगितलं. ज्या पोरीला पहिलीत घ्यायला ते अजून अडीच वर्षं थांबले असते, तिच्याकडून त्यांना आता रोज काहीतरी शिकावं लागत होतं, आणि ते त्यांना सोसत नव्हतं. खांद्याचा व्यायाम मात्र काही केल्या करेनात.

चिमी संध्याकाळी बाहुल्यांची शाळा भरवायची. एके दिवशी तिनं मामांनाही बोलावलं. पण नियम म्हणजे नियम. आधी हात लावून दाखवा म्हणाली आणि तिनं त्यांची हनुवटी धरली. मी हसत होतो. मामांनी उजवा हात उचलला. तो खांद्याच्या थोडा वर गेला आणि अडकला. त्यांनी पुन्हा जोर लावला. कपाळावर घाम आला, तेव्हा माझं हसू थांबलं.

"न्हाई लागत, बाई," ते म्हणाले. "मंग पुढल्या साली येतो."

चिमीनं जरा विचार केला. "असू द्या आजोबा. तुम्हाला पाढे येतात ना? मग बसा."

मामा अस्वलाच्या आणि एका पायाच्या बाहुलीच्या मध्ये मांडी घालून बसले. कलंडलेली बाहुली त्यांनी सरळ बसवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गोदीला बी येत व्हते रे. मी कानच पाहत राह्यलो."

वीस-बावीस वर्षांत ते नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मला वाटत होतं, ते केव्हाच विसरले असतील. इतक्या वर्षांचा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. तेवढ्यात चिमीनं हजेरी सुरू केली. अस्वल हजर होतं, बाहुली हजर होती. शेवटी तिनं आजोबांचं नाव घेतलं, तेव्हा मामांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, डावा हात वर केला आणि म्हणाले, "हजर, बाई."